दुखणे संपल्यानंतर उरलेल्या गोळ्या

अंमली पदार्थांचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा टोळ्या, तस्कर आणि महामार्गावरील नाकेबंदी यांच्याभोवतीच फिरत राहते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात आणि त्यांपैकी दुसरा पुढे जळगावातून जातो. साहजिकच खानदेशात ही चर्चा अधिक होते, आणि ती अस्थानी आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि या चर्चेत घरातील औषधांचा डबा नेहमी नजरेआड होतो. त्या डब्यातील पदार्थ चोरून आलेला नसतो. तो पदवीधर डॉक्टरांनी लिहून दिलेला, परवानाधारक दुकानातून पैसे मोजून आणलेला आणि आईने स्वतःच्या हाताने मुलाला पाण्याबरोबर दिलेला असतो.

व्यसनाधीन माणसाचे जे चित्र मराठी मध्यमवर्गाच्या मनावर ठसलेले आहे, ते १९८० च्या दशकातील आहे. ब्राऊन शुगरच्या त्या काळात अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या पुस्तकाने त्या विषाची ओळख महाराष्ट्राला करून दिली आणि १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभे राहिले. तेव्हाचे विष बाहेरून येत होते आणि ते विष आहे हे घेणाऱ्यालाही कधी ना कधी कळत होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घरात आलेल्या गोळीविषयी असा संशय कोणाच्या मनाला शिवत नाही, आणि येथेच या प्रश्नाचे वेगळेपण आहे.

हाड मोडले, मोठी शस्त्रक्रिया झाली किंवा अंग भाजले तर साध्या वेदनाशामकांनी भागत नाही. अशा वेळी डॉक्टर ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल किंवा प्रसंगी मॉर्फिन देतात. कोरड्या खोकल्यावरील काही पातळ औषधांत कोडीन असते. मॉर्फिन आणि कोडीन ही अफूच्या बोंडात सापडणारी द्रव्ये आहेत, तर ट्रॅमाडॉल व टॅपेंटाडॉल कारखान्यात तयार होतात. परंतु मेंदूतील ज्या ठिकाणी अफू काम करते तेथेच ही सर्व औषधे काम करतात, म्हणून त्यांना अफूवर्गीय औषधे म्हणावयाचे. त्यांच्यामुळे वेदना शमते आणि त्याबरोबर एक प्रकारची सुखद ग्लानीही येते. ती सलग घेत गेल्यास तोच परिणाम साधण्यासाठी मात्रा वाढवावी लागते, आणि मग ती एकाएकी थांबवली तर शरीर बंड करून उठते. मालेगाव परिसरात ‘कुत्ता गोळी’ या नावाने कुप्रसिद्ध झालेली गोळी या वर्गातील नव्हे. ती अल्प्राझोलाम, म्हणजे चिंता शमवणारी व झोप आणणारी गोळी. मात्र दोन्ही प्रकारच्या गोळ्या एकत्र घेतल्या गेल्या तर श्वास मंदावून प्राणावर बेतू शकते.

पंधरा-सतरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला असे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, खऱ्याखुऱ्या दुखण्यासाठी दिले गेले, तर पुढे त्याचा गैरवापर होण्याचा धोका वाढतो काय, आणि वाढत असेल तर तो कोणी व कोठे अडवावयाचा, हा येथील प्रश्न आहे.

सालस मुलांचा धोका

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी केलेला एक अभ्यास २०१५ साली ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बारावीत शिकणाऱ्या ६,२२० विद्यार्थ्यांची माहिती घेऊन त्यांचा वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मागोवा घेण्यात आला. शालेय वयात ज्यांना डॉक्टरांनी अफूवर्गीय औषध दिले होते, त्यांच्यात पुढील गैरवापराचा धोका इतरांपेक्षा ३३ टक्क्यांनी अधिक आढळला. याचा अर्थ शंभरांतील तेहतीस मुले व्यसनी होतात असा नव्हे. शंभरांतील सहा मुलांच्या हातून गैरवापर घडणार असेल, तर तो आकडा आठावर जातो, एवढाच याचा हिशेब. पण ही दोन मुले कोणाच्या घरची, हा या अभ्यासातील खरा मुद्दा आहे.

हा वाढीव धोका मुख्यतः अशा मुलांत दिसून आला की, ज्यांना नशेच्या पदार्थांचा फारसा अनुभव नव्हता आणि ज्यांचे त्याविषयीचे मत अत्यंत प्रतिकूल होते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ही सालस मुले. आधीच इतर नशा करणाऱ्या मुलाला या गोळीने नवीन असे काही शिकवले नाही. सालस मुलाला मात्र तिने पहिली ओळख करून दिली, आणि तीही सुरक्षित वातावरणात, वडीलधाऱ्यांच्या संमतीने. जिचा अनुभव सुखद होता आणि जिच्यामुळे काही बिघडले नाही, त्या गोळीची भीती कमी होणे स्वाभाविकच होते.

याच पाहणीमालेतील विद्यार्थ्यांचा वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत मागोवा घेणारा दुसरा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी ही औषधे केवळ डॉक्टरांच्या सांगण्यानुसार घेतली आणि स्वतःच्या मनाने कधी घेतली नाहीत, त्यांच्यात आणि ज्यांनी ती कधीच घेतली नव्हती त्यांच्यात पुढील व्यसनाच्या लक्षणांबाबत लक्षणीय फरक आढळला नाही. स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी होती.

वरवर पाहता हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतील. वस्तुतः ते एकमेकांना पूरक आहेत. सल्ल्याने घेतलेली गोळी ही व्यसनाची पहिली पायरी असतेच असे नाही. पण ती पुढच्या पायरीची भीती घालवते, आणि सल्ला संपल्यानंतर घेतलेल्या गोळीपासून धोका सुरू होतो. अमेरिकेतील टक्केवारी खानदेशाला जशीच्या तशी लावणे शास्त्राला धरून होणार नाही, आणि दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असेही नाही. परंतु औषध संपावयास हवे तेथे ते संपत नाही, ही स्थिती आपल्याकडे अधिकच प्रकर्षाने आढळते.

हा प्रश्न परदेशापुरता आहे असेही समजू नये. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ या वयोगटातील सुमारे २ टक्के लोक अफूवर्गीय पदार्थ घेत होते. हेरॉइन घेणारे १.१४ टक्के, तर औषधी स्वरूपातील पदार्थ अवैद्यकीय कारणासाठी घेणारे ०.९६ टक्के होते. म्हणजे औषधाच्या दुकानातील माल हेरॉइनच्या जवळपास जाऊन पोहोचला होता. १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांमध्ये अफूवर्गीय पदार्थ घेणाऱ्यांची संख्या सुमारे ४० लाख असल्याचा अंदाज सरकारने संसदेत सांगितला आहे.

मायेच्या हाताने आलेली अफू

औषध म्हणून आणि मायेपोटी अफू घरात येणे महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना दिवसभर झोपवून ठेवण्यासाठी बाळगोळी देत असत आणि त्या गोळीत अफू असे. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी १९२२ च्या सुमारास केलेल्या पाहणीत, कामगार स्त्रियांच्या शंभरांपैकी ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जाते असे नमूद केले होते. त्या माता निर्दय नव्हत्या. पाळण्याजवळ बसावयास माणूस नव्हते, गिरणीचा भोंगा थांबत नव्हता आणि गोळी स्वस्त होती. ती प्रथा मातांना दूषणे देऊन सुटण्यासारखी नव्हती. त्यासाठी पाळणाघरे, कायदा आणि डॉक्टर यांची गरज होती. आजच्या गोळीविषयी बोलतानाही घराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याआधी हा इतिहास आठवणे इष्ट होईल.

तीन चोरवाटा

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर बाजारातील प्रत्येक वस्तूला किंमत असते आणि ती किंमत वापराला काही ना काही लगाम घालते. घरात उरलेल्या गोळीला मात्र किंमत नसते, परवाना नसतो आणि तिची नोंदही नसते. दहा दिवसांचे औषध लिहून दिले, दुखणे चौथ्या दिवशी थांबले, तर सहा दिवसांची शिल्लक कपाटात राहते. काटकसर हा शिक्षकाच्या, कारकुनाच्या आणि शेतकऱ्याच्या घरातील गुण आहे. पैसे देऊन आणलेले औषध तेथे फेकले जात नाही. ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून ठेवलेली ती पट्टी पुढे परीक्षेच्या आदल्या रात्री, मन उदास असताना किंवा नुसत्या कुतूहलापोटी बाहेर निघते. ही पहिली चोरवाट.

दुसरी वाट जुन्या चिठ्ठीची. बारावीच्या आणि प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीसाठी चाळीसगाव, अमळनेर, साक्री, शिरपूरकडील मुले जळगाव-धुळ्यात खोली घेऊन राहतात. पोलीस आणि सैन्यभरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलांची पोटरी, गुडघा, नडगी दुखत असते आणि मैदानी चाचणीची तारीख पुढे ढकलली जात नाही. केळीच्या पट्ट्यात घड वाहणाऱ्या तरुण पोरांची पाठ दुखते आणि रोज बुडवणे परवडत नाही. यांपैकी कोणाजवळही सहा महिन्यांपूर्वीची चिठ्ठी असू शकते. ती दाखवली, किंवा नुसते गोळीचे नाव सांगितले, की पुष्कळ ठिकाणी औषध मिळते. डॉक्टरांचे शुल्क आणि फेरी वाचते. रोजावर जगणाऱ्या माणसाच्या हिशेबात ही बचत थोडीथोडकी नाही.

तिसरी वाट अजाणतेपणाची. पोटातील कळांवर दिल्या जाणाऱ्या काही मिश्र गोळ्यांत ट्रॅमाडॉल असते. मासिक पाळीच्या दुखण्यासाठी ती गोळी मुलीला देणाऱ्या आईला आपण अफूच्या वर्गातील औषध देत आहोत याची कल्पना नसते. त्यातच पट्टी कापून दोन-चार गोळ्या सुट्या देण्याची आपल्याकडील पद्धत. अशा औषधांच्या वेष्टनावर तांबड्या चौकटीत इशारा छापण्याचे बंधन आहे. परंतु कात्री चालली की इशारा एका तुकड्यावर राहतो आणि गोळी दुसऱ्या तुकड्याबरोबर घरी जाते.

खोकल्याच्या औषधाची कथाही बोलकी आहे. कोडीनचे यकृतात मॉर्फिन होते आणि काही व्यक्तींच्या शरीरात ते इतक्या वेगाने होते की नेहमीची मात्राही धोक्याची ठरते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली बारा वर्षांखालील मुलांसाठी कोडीन आणि ट्रॅमाडॉल निषिद्ध ठरवले, आणि २०१८ साली खोकल्यावरील अफूवर्गीय औषधे अठरा वर्षांखालील मुलांना देऊ नयेत असे जाहीर केले. भारतात मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत कोडीनयुक्त खोकल्याची औषधे होती. ती बंदी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथून पुन्हा तज्ज्ञांकडे आले, आणि जून २०२३ मध्ये चौदा मिश्र औषधांवर नव्याने बंदी घालण्यात आली, तेव्हा त्यांत कोडीन आणि क्लोरफेनिरामाइन यांच्या मिश्रणाचा समावेश होता. या सात वर्षांत एक पिढी शाळेतून महाविद्यालयात गेली.

सातपुड्यातील दुसरी बाजू

एवढे वाचून ही औषधे मुलांना मुळीच देऊ नयेत असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घातक ठरेल. कारण याच खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी आणि डोंगरात, भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. थंडी, ताप, तहान, अतिश्रम अशा साध्या कारणांनी हा झटका येऊ शकतो. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या तालुक्यांतील आणि १९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील शाळा-आश्रमशाळांच्या शिक्षकांना या आजाराची निराळी ओळख करून देण्याची गरज नाही. तीव्र झटक्यात पॅरासिटामॉलसारखी औषधे पुरत नाहीत. तेथे अफूवर्गीय औषध देणे हा कर्तव्याचा भाग असतो.

आणि नेमके येथेच ते मिळत नाही. सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातील मंदसौर आणि नीमच भागात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. नीमच व गाझीपूर येथे सरकारचे अफू कारखाने आहेत. तरीही १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा आल्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९९७ पर्यंत नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी वाट सुलभ करण्यात आली. जुलै २०२३ मध्ये शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि तिने चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. तपासणी आवश्यकच आहे. परंतु रात्री दोन वाजता झटका आलेल्या मुलीला तपासणीच्या कार्डाने आराम पडत नाही.

म्हणजे चित्र असे की, ज्या मुलीला औषधाची निकड आहे तिच्यापर्यंत ते कायद्याच्या काठिण्यामुळे पोहोचत नाही, आणि ज्या मुलाला गरज उरलेली नाही त्याला ते दुकानाच्या सैलपणामुळे मिळत राहते. नवे कडक कायदे करा अशी मागणी जेव्हा उठते, तेव्हा तिचा पहिला फटका त्या मुलीलाच बसतो, हे विसरून चालणार नाही. वारंवार औषध लागणाऱ्या अशा मुलांच्या बाबतीतही सवयीचा धोका असतोच. त्यावर उपाय मात्र नियमित देखरेखीचा आहे, नकाराचा नव्हे.

एक शिक्का, एक नोंदवही

नव्या कायद्याची गरज फारशी नाहीच. १९४५ पासूनच्या औषध नियमांत असे स्पष्ट म्हटले आहे की, डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यावे, आणि देताना विक्रेत्याने त्या चिठ्ठीवर आपले नाव, पत्ता व तारीख नोंदवावी. हा साधा शिक्का नियमाने उमटला तर जुन्या चिठ्ठीची वाट बंद होते. मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या ‘एच-१’ या परिशिष्टानुसार ट्रॅमाडॉल, कोडीन, अल्प्राझोलाम यांसारख्या औषधांच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवून तीत डॉक्टर, रुग्ण, औषध व संख्या लिहावी लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते. ट्रॅमाडॉल तर एप्रिल २०१८ मध्ये अंमली पदार्थविरोधी कायद्याच्याच कक्षेत आले आहे.

नियम असूनही पाळला जात नाही याचे कारण केवळ लोभ नव्हे. चिठ्ठी मागणाऱ्या प्रामाणिक दुकानदाराचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते आणि प्रामाणिकपणाची किंमत त्याला एकट्याला मोजावी लागते. जेथे स्पर्धा नियमभंगाची असते, तेथे वैयक्तिक सचोटीवर विसंबून चालत नाही. सर्वांनी एकाच दिवसापासून नियम पाळावयाचा आणि न पाळणाऱ्यावर कारवाई होईल याची खात्री असावयाची, तरच तो टिकतो. हा निर्णय जिल्ह्यांतील औषधविक्रेत्यांच्या संघटना घेऊ शकतात. परंतु खात्री देण्याचे काम शासनाचे. औषध नियंत्रणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ सालीच दर २०० दुकानांमागे एक निरीक्षक असावा असे सुचवले होते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत आज हे प्रमाण किती आहे, हे लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात विचारावे आणि उत्तर जनतेपुढे ठेवावे.

डॉक्टरांकडून अपेक्षा आहे ती औषध थांबवण्याचा दिवस सांगण्याची. तात्पुरत्या तीव्र दुखण्यात अफूवर्गीय औषध तीन दिवस बहुधा पुरते आणि सात दिवसांहून अधिक क्वचितच लागते, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१६ साली सांगितले होते. गोळ्यांची संख्या अक्षरी लिहिणे, पहिल्या खेपेस थोड्याच देऊन गरज पडल्यास पुन्हा तपासणे आणि हे औषध कोणत्या वर्गातील आहे हे मुलाला व पालकांना मराठीत, अहिराणीत किंवा पावरीत समजावून सांगणे, एवढ्याला दोन मिनिटे लागतात. सालस मुलालाच हे सांगण्याची अधिक गरज आहे, कारण त्याला कोणी सावध केलेले नसते.

उरलेल्या गोळ्यांचे काय करावयाचे, यालाही आता उत्तर आहे. केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, घरी ठेवणे धोक्याचे ठरणारी सतरा औषधे शौचकूपात टाकून पाणी सोडावे असे सांगितले आहे. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल आणि मॉर्फिन त्या यादीत आहेत. त्याच वर्षी केरळने न वापरलेली औषधे परत गोळा करण्याची योजना कोझिकोड येथून सुरू केली. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी कुलूपबंद पेटी ठेवावयास मोठा निधी लागणार नाही. त्या पेटीत महिनाभरात काय जमले याची मोजदाद विद्यार्थ्यांनी केली, तर या जिल्ह्यांतील कपाटांत किती साठा पडून आहे याचा पहिला विश्वसनीय अंदाजही हाती येईल.

घरातील कामही अवघड नाही. अशी औषधे मुलाच्या उशाशी न ठेवता मोठ्यांनी स्वतःजवळ ठेवावीत, मोजून द्यावीत आणि दुखणे थांबले की त्यांची विल्हेवाट लावावी. औषध बरेच दिवस चालले असेल तर ते एकाएकी बंद न करता डॉक्टरांना विचारून उतरवत आणावे. वर्गात सदा पेंगणारा, अभ्यासातून अकस्मात मन काढून घेणारा विद्यार्थी दिसला तर शिक्षकाने त्याला सर्वांसमक्ष जाब विचारू नये. त्याला काही दुखले होते काय, औषध काय घेतले होते, हे एकांतात विचारावे. शिक्षेच्या भीतीने लपवलेली सवय अधिक खोल जाते. केंद्र सरकारची १४४४६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा यासाठीच आहे, आणि शाळेच्या सूचनाफलकावर तो क्रमांक लिहिण्यात शाळेला कमीपणा येत नाही.

कोवळ्या वयातील मुलाला वेदना सोसावयास लावण्यात कोणतीही नैतिकता नाही. शिरपूरच्या डोंगरातील मुलीला तिचे औषध वेळेवर मिळाले पाहिजे आणि धुळ्याच्या वसतिगृहातील मुलाची पट्टी दुखण्याबरोबरच संपली पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेकडून, एकाच वेळी अपेक्षिता येतात. त्यासाठी हवी ती नीट लिहिलेली चिठ्ठी, तिच्यावरचा शिक्का आणि प्रामाणिकपणे भरलेली नोंदवही. या तिन्ही गोष्टी कायद्याच्या पुस्तकात आधीच आहेत. त्या दुकानाच्या फळीवर आणण्याचे काम तेवढे राहिले आहे.